प्रगत साथरोगशास्त्रीय संशोधन पद्धती: पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमपीएच, कम्युनिटी मेडिसिनमधलं एमडी किंवा सार्वजनिक आरोग्यातली पीएचडी करताना काय-स्क्वेअर आणि लॉजिस्टिक रिग्रेशन शिकून होतं, आणि मग स्वतःचा थिसिस समोर येतो. तिथे अडतं ते बहुतेकदा सॉफ्टवेअरवर नाही. अभ्यासाचा प्रश्न, मोजणी सुरू होण्याचा दिवस आणि तुलनेचा गट या तीन गोष्टी पक्क्या नसतात, म्हणून अडतं. पुढच्या उत्तरांमध्ये या तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील.

प्रगत पेपर घेण्याआधी काय यायला हवं?

इन्सिडन्स आणि प्रिव्हलन्समधला फरक, व्यक्ती-वर्षांचा हिशेब, दोन बाय दोन तक्त्यावरून रिस्क रेशो आणि ऑड्स रेशो हाताने काढणं, कॉन्फिडन्स इंटरव्हलचा अर्थ सांगता येणं आणि रिग्रेशनचा एखादा आउटपुट समोर ठेवला तर त्यातला प्रत्येक आकडा काय म्हणतो ते वाचता येणं. एक चाचणी स्वतःच घ्या. १०० जणांवर एकूण २०० व्यक्ती-वर्षं नजर ठेवली आणि ८ जण आजारी पडले, तर दर १०० व्यक्ती-वर्षांमागे ४. हा दर आणि ‘८ टक्के जोखीम’ या वेगळ्या गोष्टी का आहेत, हे दोन वाक्यांत सांगता आलं तर पुढे जा. नाही आलं तर आधी तिथेच थांबून पाया पक्का करा.

गणित किती लागतं?

लॉगॅरिदम आणि घातांक रोजच्या वापरात असावेत, सशर्त संभाव्यता पक्की हवी. कॅल्क्युलस जुजबी चालतं, हॅझर्ड म्हणजे त्या क्षणाचा दर एवढं कळण्यापुरतं. मॅट्रिक्सची ओळख असली की मिश्र मॉडेलं सोपी जातात. सिद्धता लिहायला सहसा कोणी सांगत नाही, पण सूत्रातल्या प्रत्येक पदाचं काम काय हे सांगावं लागतं.

हे शिकायचं कुठे?

चेन्नईची आयसीएमआर-एनआयई (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था) आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र ही या क्षेत्रातली जुनी नावं. लोकसंख्या आणि मोठ्या सर्वेक्षणांकडे ओढा असेल तर मुंबईत देवनारची आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था). वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा असलेला बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च एनआयईच चालवते. पण तो पाया आहे, या पानावरचे बरेच विषय त्याच्या पुढचे. कोणताही अभ्यासक्रम निवडताना एवढं विचारा: कारणमीमांसेवर स्वतंत्र पेपर आहे का, आणि विद्यार्थी खऱ्या डेटावर स्वतः कोड लिहितात का?

आर, स्टाटा, एसपीएसएस यांपैकी काय शिकावं?

आर. मोफत आहे आणि सर्वेक्षणं, मल्टिपल इम्प्युटेशन, सर्व्हायव्हल, वजनं यांसाठी तयार पॅकेजेस आहेत. विभागात सगळे स्टाटावर असतील तर स्टाटा उत्तम, शंका विचारायला माणसं हाताशी राहतात. एसपीएसएसमध्ये मेनूवर क्लिक करत केलेलं विश्लेषण सहा महिन्यांनी तुम्हालाच पुन्हा करता येत नाही, म्हणून तिथे काम करायचंच असेल तर निदान सिंटॅक्स जपून ठेवा. चटकन करायच्या हिशेबाला ओपनएपी पुरतं.

संशोधनाचा प्रश्न ‘नीट मांडा’ असं गाईड म्हणतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

निरीक्षणात्मक अभ्यास असला तरी आधी कागदावर एक चाचणी लिहा, पैसे आणि परवानगी असती तर जी केली असती ती. पात्र कोण? कोणत्या दोन वागणुकींची तुलना? कोणाला काय मिळेल हे कसं ठरलं? मोजणी कोणत्या दिवशी सुरू होते आणि केव्हा थांबते? परिणाम कोणता? कोणत्या फरकाचा अंदाज हवा? एर्नान आणि रॉबिन्स यांनी २०१६ मध्ये या रीतीची चौकट नीट मांडली. टार्गेट ट्रायल या नावाने ती आता सर्वत्र वापरली जाते.

हे का करायचं याचं उत्तम उदाहरण रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचारांचं. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या कोहॉर्टसह अनेक अभ्यासांत हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी दिसत होता. २००२ मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या १६,६०८ स्त्रियांच्या चाचणीत एकत्रित हार्मोन घेणाऱ्या गटात हृदयविकाराचा हॅझर्ड रेशो (दोन गटांतल्या दरांचं गुणोत्तर) १.२९ आला, म्हणजे उलटच. पुढे २००८ मध्ये त्याच परिचारिकांचा डेटा चाचणीसारखा मांडून पुन्हा तपासला गेला. ‘सध्या घेत असलेल्या’ स्त्रियांऐवजी ‘नुकतं सुरू केलेल्या’ स्त्रिया घेतल्या आणि मोजणी सुरुवातीच्या दिवसापासून केली, तेव्हा दोन्हींतला बराचसा विरोध मावळला. स्त्रिया त्याच, नोंदी त्याच. बदलला तो शून्य दिवस.

शून्य दिवस चुकला तर काय होतं?

समजा क्षयरुग्णांना पोषणासाठी मिळणाऱ्या रकमेचा मृत्यूंवर काय परिणाम होतो ते पाहायचं आहे. नोंदी काढल्या आणि दोन गट केले: तीन हप्ते मिळालेले आणि न मिळालेले. पहिल्या गटात मृत्यू फारच कमी दिसतील, कारण तिसरा हप्ता मिळायला तोवर जिवंत राहावं लागतं. दुसऱ्या महिन्यात दगावलेला रुग्ण आपोआप ‘न मिळालेल्या’ गटात पडतो. मदतीचा काडीमात्र उपयोग नसता तरी ती जीव वाचवते असंच दिसलं असतं. याला इम्मॉर्टल टाइम बायस म्हणतात आणि दुय्यम नोंदींवरच्या थिसिसमध्ये ती सर्रास सापडते.

उपाय तीन. सर्वात सोपा लँडमार्कचा: समजा ९० वा दिवस ठरवायचा, त्या दिवशी जिवंत असलेल्यांनाच घ्यायचं, तोवर काय मिळालं त्यावर गट करायचे आणि मोजणी तिथून पुढे. दुसरा, हप्ता मिळणं हा काळानुसार बदलणारा चल मानायचा, म्हणजे हप्त्यापूर्वीचे दिवस ‘न मिळालेल्या’ खात्यात जातात. तिसरा, प्रत्येक रुग्णाच्या दोन प्रती करून, ठरलेल्या वागणुकीपासून ढळलेली प्रत तिथेच सेन्सॉर करायची (म्हणजे तिची मोजणी तिथे थांबवायची) आणि त्याची भरपाई वजनांनी करायची. तिसरा सर्वात नेमका, पण वेळखाऊ. एमडीच्या थिसिसला लँडमार्क पुरेसा असतो.

डॅग काढणं खरंच गरजेचं आहे का? सगळे चल मॉडेलमध्ये टाकले तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. डॅग म्हणजे कोण कोणाला कारण आहे हे बाणांनी दाखवणारं चित्र, त्यात फिरून मूळ जागी येणारा बाण नसतो. कोणता चल घ्यायचा यापेक्षा कोणता घ्यायचा *नाही* हे त्यातून कळतं, आणि तीच त्याची खरी किंमत.

मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात (बीएमजे, २००४) मिश्री, तंबाखू अशा धूरविरहित प्रकारांचा वापर करणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळलं. आता कोणी नवजात मृत्यू हा परिणाम घेतला आणि मॉडेलमध्ये मिश्रीच्या जोडीला जन्मवजनही ‘अ‍ॅडजस्ट’ केलं, तर दोन चुका एकदम होतात. एक म्हणजे मिश्रीचा वजनामार्फत होणारा परिणामच पुसला जातो. दुसरी जास्त घातक. वजन कमी होण्याला जन्मजात व्यंगासारखी इतर गंभीर कारणंही असतात. कमी वजनाच्या बाळांपुरतं पाहिलं तर ज्याच्या आईने मिश्री लावली नाही त्या बाळाचं वजन त्या दुसऱ्या, जास्त जीवघेण्या कारणाने कमी असण्याची शक्यता वाढते. मग मिश्री संरक्षक वाटू लागते. धूम्रपान करणाऱ्या मातांच्या कमी वजनाच्या बाळांबाबत हे विपरीत चित्र अनेक दशकं संशोधकांना चकवत होतं. दोन बाण जिथे येऊन मिळतात त्या चलाला कोलायडर म्हणतात. त्याला हात लावला की नसलेला संबंध तयार होतो.

चित्र डॅगिटीमध्ये काढा, ते मोफत आहे आणि कोणते चल पुरेसे आहेत हेही सांगतं. पण बाण कुठे काढायचे हे सॉफ्टवेअरला विचारू नका. ते वाङ्मयातून आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या डॉक्टर, एएनएम, आशा यांच्याशी बोलून ठरतं. न मोजलेले चलही चित्रात दिसलेच पाहिजेत.

‘युनिव्हेरिएटमध्ये पी ०.२ पेक्षा कमी ते मल्टिव्हेरिएटमध्ये’ ही रीत चालेल का?

कारणाचा प्रश्न असेल तर नाही. कन्फाउंडर (कारण आणि परिणाम दोन्हींवर प्रभाव टाकणारा तिसरा घटक) असणं हे पी-व्हॅल्यूवर ठरत नाही. छोट्या नमुन्यात खरा कन्फाउंडर गाळला जातो आणि मध्यस्थ (कारणापासून परिणामापर्यंतच्या वाटेवरचा चल) किंवा कोलायडर ऐटीत आत येतो. स्टेपवाइजचंही तेच. वर, निवड करून उरलेल्या मॉडेलचे कॉन्फिडन्स इंटरव्हल फसवे अरुंद असतात.

याच्याच पोटात आणखी एक सवय येते: एका मॉडेलमधल्या सगळ्या ऑड्स रेशोंचा अर्थ एकेक परिच्छेद लिहून सांगणं. मॉडेल एका कारणासाठी बांधलेलं असतं. मिश्रीसाठी अ‍ॅडजस्ट केलेल्या मॉडेलमध्ये शिक्षणासमोर जो आकडा दिसतो तो शिक्षणाचा पूर्ण परिणाम नसतो, कारण शिक्षणाचा काही परिणाम मिश्रीमार्फतच जातो. ते इतर आकडे तक्त्यात द्या, पण चर्चेत ‘जोखमीचे घटक’ म्हणून मांडू नका. भाकीत करणारं मॉडेल बांधायचं असेल तर तो वेगळा प्रश्न, त्याचे नियम वेगळे, आणि तो कारणाच्या प्रश्नात मिसळायचा नाही.

इन्व्हर्स प्रॉबेबिलिटी वेटिंग कळत नाही. आकड्यांनी समजावाल का?

हाताने सोडवा, पाच मिनिटांत कळेल. हे आकडे काल्पनिक आहेत.

८०० रुग्ण: ४०० सौम्य, ४०० गंभीर. सौम्यांपैकी १०० जणांना औषध मिळालं, त्यांतले ५ दगावले. ३०० जणांना मिळालं नाही, त्यांतले ३० दगावले. गंभीरांपैकी ३०० जणांना औषध मिळालं, ९० दगावले. १०० जणांना मिळालं नाही, ४० दगावले.

सरळ बेरीज केली तर औषध घेतलेल्यांत ४०० पैकी ९५, म्हणजे २३.७५ टक्के मृत्यू. न घेतलेल्यांत ४०० पैकी ७०, म्हणजे १७.५ टक्के. औषध मारक दिसतं. पण दोन्ही गटांत वेगवेगळं पाहिलं तर औषध फायद्याचंच आहे: सौम्यांत १० वरून ५ टक्के, गंभीरांत ४० वरून ३०.

आता वजनं: प्रत्येकाला जे मिळालं ते मिळण्याची शक्यता काढायची आणि १ ला तिने भागायचं. सौम्य रुग्णाला औषध मिळण्याची शक्यता १०० भागिले ४००, म्हणून औषध मिळालेल्या प्रत्येक सौम्य रुग्णाचं वजन ४. गंभीर आणि औषध मिळालेला: ४०० भागिले ३००, वजन १.३३. औषध न मिळालेला सौम्य १.३३, न मिळालेला गंभीर ४. औषधाच्या गटातले भारित मृत्यू: ५ गुणिले ४ अधिक ९० गुणिले १.३३, म्हणजे २० अधिक १२०, एकूण १४०. भारित संख्या ८००. १७.५ टक्के. न घेतलेल्यांत ४० अधिक १६०, एकूण २००, म्हणजे २५ टक्के. फरक ७.५ टक्क्यांचा, औषधाच्या बाजूने. वजनांनी असे दोन गट तयार केले ज्यांत औषध मिळणं तीव्रतेवर अवलंबून राहिलेलं नाही.

खऱ्या डेटात शक्यता लॉजिस्टिक मॉडेलमधून येते आणि बिघाड तिथेच होतात. एखाद्याला औषध मिळण्याची शक्यता ०.०१ निघाली की त्याचं वजन १०० होतं आणि तो एकटा निकाल फिरवतो. म्हणून वजनांची किमान, कमाल आणि सरासरी नेहमी छापा. स्टॅबिलाइज्ड वजनांची सरासरी १ च्या जवळ हवी, नसेल तर मॉडेल चुकलंय. समतोल पी-व्हॅल्यूने तपासू नका, प्रमाणित फरक पाहा, ०.१ च्या खाली असावा. आणि एखाद्या गटात औषध *कोणालाच* मिळालेलं नसेल तर कोणतंही वजन तिथे उपयोगाचं नाही. तो गट बाजूला काढा आणि निष्कर्ष त्याच्याविना आहे हे लिहा.

साधं रिग्रेशन असताना ही खटपट कशाला?

एकदाच दिलेल्या उपचाराला रिग्रेशन पुष्कळदा पुरतं. उपचार वेळोवेळी बदलत असेल तर पुरत नाही. एचआयव्हीमध्ये सीडी-४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) खाली गेलं की औषध सुरू होतं, आणि औषधाने सीडी-४ पुन्हा वर येतं. म्हणजे सीडी-४ कन्फाउंडरही आहे आणि मध्यस्थही. मॉडेलमध्ये घेतलं तरी चूक, सोडलं तरी चूक. रॉबिन्स यांनी १९८६ मध्ये जी-फॉर्म्युला मांडला तो याच कोंडीसाठी, आणि २००० मध्ये झिडोव्हुडीन या एचआयव्हीवरच्या औषधाच्या परिणामावर मार्जिनल स्ट्रक्चरल मॉडेल वापरून दाखवलं गेलं. तुमच्या अभ्यासात अशी मागे-पुढे होणारी साखळी असेल तरच या वाटेला जा.

ऑड्स रेशो द्यावा की रिस्क रेशो?

परिणाम दुर्मिळ असेल तर दोन्ही जवळपास सारखे. आपल्याकडच्या क्रॉस-सेक्शनल थिसिसमध्ये परिणाम दुर्मिळ नसतो, अ‍ॅनिमिया घ्या. एका गटात ६० टक्के, दुसऱ्यात ४० टक्के असेल तर प्रमाणांचा भागाकार १.५ आणि ऑड्स रेशो २.२५. मग चर्चेत ‘सव्वादोन पट शक्यता’ असं लिहिलं जातं, जे खोटं आहे. रोबस्ट व्हेरिअन्ससह पॉइसन रिग्रेशन वापरा. लॉग-बायनॉमियल सैद्धांतिकदृष्ट्या छान, पण वारंवार कन्व्हर्ज होत नाही. आणि टक्केवारीतला सरळ फरकही द्या, कार्यक्रम राबवणाऱ्या अधिकाऱ्याला तोच कामाला येतो.

सॅम्पल साइजला ‘फोर पीक्यू बाय एल स्क्वेअर’ चालेल ना?

फक्त एका प्रमाणाचा अंदाज काढायचा असेल आणि नमुना साधा यादृच्छिक असेल तेव्हाच. सूत्रात पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी आणि एल म्हणजे अंदाजात चालणारी चूक. तिथेही एल काय धरला यावर सगळं अवलंबून. अपेक्षित प्रमाण १० टक्के असताना एल ५ धरला तर ४ × १० × ९० भागिले २५ म्हणजे १४४. पण मग उत्तर ‘५ ते १५ टक्के’ इतकं सैल येणार. एल हा १० चा पाचवा हिस्सा म्हणजे २ धरला तर तोच आकडा ९००. सिनॉप्सिसमध्ये १४४ का ९०० हे मुदतीत किती रुग्ण मिळतील यावरून ठरवलं जातं आणि मग एल मागून बसवला जातो. परीक्षक हे पहिल्या पानावर ओळखतात. रुग्ण मर्यादित असतील तर तसं सरळ लिहा आणि त्या संख्येत इंटरव्हल किती रुंद येईल ते द्या, ही प्रामाणिक आणि पूर्णपणे मान्य रीत आहे.

दोन गटांची तुलना असेल तर हे सूत्र लागूच नाही. तिथे दोन प्रमाणं, अल्फा, पॉवर आणि किमान कामाचा फरक हवा. गळती १० टक्के धरत असाल तर १.१ ने गुणू नका, ०.९ ने भागा.

गावं किंवा वॉर्ड निवडले असतील तर काय बदलतं?

एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून प्रत्येक नवी व्यक्ती नवी माहिती कमी देते. डिझाइन इफेक्ट म्हणजे १ + (क्लस्टरचा आकार वजा १) × आयसीसी (एका क्लस्टरमधली माणसं एकमेकांसारखी किती, याचं माप). गावामागे २१ जण आणि आयसीसी ०.०५ असेल तर उत्तर २, नमुना दुप्पट लागणार.

मोठ्या क्लस्टरमध्ये हे फार बोचतं. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून गर्भाशयमुखाची तपासणी करण्याची चाचणी केली, तिच्यात क्लस्टर २०, तपासणीच्या बाजूला ७५,३६० स्त्रिया. म्हणजे क्लस्टरमागे सुमारे ७,५००. आयसीसी केवळ ०.००१ धरला (हा आकडा उदाहरणापुरता) तरी डिझाइन इफेक्ट ८.५ होतो, आणि पंच्याहत्तर हजार स्त्रिया माहितीच्या दृष्टीने सुमारे ८,८०० इतक्याच उरतात. तरीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं या चाचणीने दाखवलं. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या चाचणीत (२००९) ५२ क्लस्टर, चार गट आणि १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीच्या गटात मृत्यूचा हॅझर्ड रेशो ०.५२ आला. पैसा आणि माणसं मर्यादित असतील तर क्लस्टर वाढवा, क्लस्टरमधली माणसं नव्हे.

क्लस्टर ४० पेक्षा कमी असतील तर जीईई या क्लस्टरसाठीच्या रिग्रेशन पद्धतीचे नेहमीचे सँडविच स्टँडर्ड एरर लहान येतात. छोट्या नमुन्याची दुरुस्ती वापरा किंवा प्रत्येक क्लस्टरचा एक आकडा काढून त्यांवर टी-टेस्ट करा. दुसरी रीत परीक्षकाला समजवायलाही सोपी.

रँडमायझेशन शक्यच नसेल तर?

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने घरपोच नवजात काळजीचा जो प्रयोग केला तो नीट वाचा (लॅन्सेट, १९९९). ३९ गावांत काम, ४७ गावं तुलनेला, वाटणी यादृच्छिक नव्हती. तिसऱ्या वर्षी दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ आणि ५९.६. या दोन आकड्यांचा सरळ हिशेब केला तर घट ५७ टक्के निघते, पण प्रसिद्ध झालेला आकडा ६२ आहे. कारण कामाच्या गावांत सुरुवातीचा दर ६२.० होता, तो ५९ टक्क्यांनी उतरला. तुलनेच्या गावांत ५७.७ होता, तो ३ टक्क्यांनी चढला. दोन बदलांमधला फरक मोजला गेला, दोन शेवटांमधला नाही. सुरुवातीची मोजणी नसती तर हे करताच आलं नसतं, म्हणून हस्तक्षेप सुरू होण्यापूर्वीचं बेसलाइन कधीही सोडू नका. शक्य असेल तर दोन-तीन वर्षांचं घ्या, म्हणजे दोन्हीकडचा कल आधीपासून समांतर होता का ते दाखवता येतं.

एनएफएचएसच्या डेटावर थिसिस करता येईल का?

हो, उत्तम होतो. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१) मध्ये ६,३६,६९९ कुटुंबं, ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुष आहेत, जिल्हे ७०७. आकडा मोठा म्हणून निष्काळजी होऊ नका. तीन गोष्टी सॉफ्टवेअरला सांगाव्याच लागतात: वजन, पीएसयू (नमुन्यात आधी निवडलेलं गाव किंवा वस्ती) आणि स्ट्रॅटम (निवडीपूर्वी पाडलेला विभाग). वजनाचा रकाना दहा लाखांनी भागायचा असतो, हे विसरणारे दरवर्षी भेटतात. घरगुती हिंसाचाराच्या प्रश्नांना वेगळं वजन आहे, कारण ते प्रत्येक कुटुंबातल्या एकाच स्त्रीला विचारले जातात. पुरुषांचे आणि हिंसाचाराचे प्रश्न फक्त १५ टक्के कुटुंबांच्या राज्य मॉड्यूलमध्ये आहेत. म्हणून त्यांवरून जिल्ह्याचे आकडे काढू नका. महाराष्ट्रापुरतं पाहायचं असेल तर इतर राज्यं फाइलमधून उडवू नका, पूर्ण डिझाइन ठेवून उपगट म्हणून विश्लेषण करा.

चाचणीच चुकत असेल तर प्रिव्हलन्स कसा सुधारायचा?

दिसलेलं प्रमाण अधिक स्पेसिफिसिटी वजा १, भागिले सेन्सिटिव्हिटी अधिक स्पेसिफिसिटी वजा १. (सेन्सिटिव्हिटी म्हणजे आजारी माणसांत चाचणी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण, स्पेसिफिसिटी म्हणजे आजार नसलेल्यांत निगेटिव्ह येण्याचं.) दिसलेलं ५ टक्के, सेन्सिटिव्हिटी ९०, स्पेसिफिसिटी ९७ असेल तर ०.०२ भागिले ०.८७, म्हणजे २.३ टक्के. निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह खोटे. जुलै २०२० च्या मुंबईतल्या कोविड सिरो सर्वेक्षणात (रक्तातल्या अँटिबॉडींची तपासणी), तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के असे आकडे जाहीर झाले. प्रमाण इतकं जास्त असताना स्पेसिफिसिटीचा धक्का कमी बसतो. कमी प्रमाणाच्या आजारात मात्र ती अर्ध्या टक्क्याने घसरली तरी निकाल कोसळतो.

केस-कंट्रोलमध्ये कंट्रोल कुठून घ्यावेत आणि किती?

कंट्रोल अशी व्यक्ती हवी की तिला तो आजार झाला असता तर ती तुमच्या केसमध्ये आली असती. तोंडाच्या कर्करोगाच्या अभ्यासात शेजारच्या हृदयविकाराच्या वॉर्डातून कंट्रोल घेतले तर त्यांच्यातही तंबाखू खाणारे जास्त निघणार आणि ऑड्स रेशो खाली ओढला जाणार. डॉल आणि हिल यांच्या धूम्रपान आणि फुफ्फुसाच्या कर्करोगावरच्या १९५० च्या अभ्यासात ७०९ केस आणि ७०९ कंट्रोल रुग्णालयातलेच होते. धूम्रपानाशी जोडलेले इतर आजार तेव्हा पुरते ओळखले गेले नव्हते. तिथे संबंध इतका जबर होता की तो तरीही दिसला. तुमच्या विषयात तसा असेलच असं नाही.

संख्येबाबत: एका केसला एक कंट्रोल दिला तर अमर्याद कंट्रोलच्या तुलनेत ५० टक्के कार्यक्षमता, चार दिले तर ८०, पाच दिले तर ८३. चारपुढे पैसा घालू नका. मॅचिंग केलं असेल तर विश्लेषणात कंडिशनल लॉजिस्टिक किंवा मॅच केलेले चल घेतलेच पाहिजेत.

डेटात रिकामे रकाने आहेत. ते रुग्ण काढून टाकू का?

बारा चल आणि प्रत्येकात ४ टक्के रिकामं असेल, रिकामेपणा एकमेकांशी निगडित नसेल, तर पूर्ण नोंदी उरतात ६१ टक्के. एवढं नुकसान सोसायचं कारण नाही. सरासरी भरणं तर त्याहून वाईट, त्याने स्टँडर्ड एरर खोटे लहान होतात. मल्टिपल इम्प्युटेशन करा, म्हणजे रिकाम्या जागी अंदाजित किमती भरलेले अनेक संच बनवून त्यांचे निकाल एकत्र करायचे. किती संच? निदान रिकाम्या नोंदींच्या टक्केवारीइतके, म्हणजे ३९ टक्के असतील तर ४०. इम्प्युटेशन मॉडेलमध्ये *परिणामाचा चलही* घ्यायचा. हे अनेकांना चूक वाटतं आणि ते वगळतात, मग संबंध शून्याकडे सरकतो. रिकामेपणा त्या न कळलेल्या किमतीवरच अवलंबून असेल, जसं दारू जास्त पिणाऱ्यानेच उत्तर टाळलं, तर इम्प्युटेशनही पुरत नाही. तिथे निरनिराळी गृहीतकं धरून निकाल किती हलतो ते दाखवावं लागतं.

‘न मोजलेला कन्फाउंडर असेल तर?’ या व्हायव्हातल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

ई-व्हॅल्यू काढून जा. रिस्क रेशो अधिक, (रिस्क रेशो × (रिस्क रेशो वजा १)) चं वर्गमूळ. रिस्क रेशो २ असेल तर २ अधिक १.४१, म्हणजे ३.४१. अर्थ असा की न मोजलेल्या घटकाचा कारणाशी आणि परिणामाशी, दोन्हींशी, निदान ३.४१ पट संबंध असेल तरच तो तुमचा निकाल पूर्ण पुसू शकतो. कॉन्फिडन्स इंटरव्हलच्या शून्यपरिणामाजवळच्या टोकासाठीही काढा. आणि आकड्यावर थांबू नका, असा घटक कोणता असू शकतो त्याचं नाव घ्या.

नीतिमान्यता, नोंदणी आणि अहवालाचं काय?

आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचूनच एथिक्स कमिटीकडे जा. हस्तक्षेपाची चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्यापूर्वी सीटीआरआयवर (चाचण्यांची भारतीय नोंदवही) नोंदणी हवी, नंतरची नोंदणी अनेक नियतकालिकं मानत नाहीत. ओळख पटेल अशी माहिती विश्लेषणाच्या फाइलपासून पहिल्याच दिवशी वेगळी करा. निरीक्षणात्मक अभ्यासाला अहवालात काय असावं हे सांगणाऱ्या स्ट्रोब यादीचे २२ मुद्दे आहेत. ते शेवटी टिकमार्क करायला न ठेवता सिनॉप्सिस लिहितानाच समोर घ्या, कारण त्यांतले निम्मे मुद्दे डेटा गोळा झाल्यावर दुरुस्त करता येत नाहीत.

परीक्षकांनी विश्लेषण पुन्हा करून दाखवायला सांगितलं तर?

मूळ फाइल ‘रीड ओन्ली’ करून ठेवा, तिच्यात एकही घर हाताने बदलू नका. सगळ्या दुरुस्त्या कोडमध्ये, प्रत्येकीसमोर कारणाची एक ओळ. स्वच्छता, चल तयार करणं, विश्लेषण आणि तक्ते यांच्या चार वेगळ्या स्क्रिप्ट करा आणि त्यांना क्रमांक द्या. यादृच्छिक आकडे लागतील तिथे सीड (त्या आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक) लिहा, नाहीतर इम्प्युटेशनचे आकडे दर वेळी थोडे वेगळे येतील. थिसिस बांधायला देण्याआधी चारही स्क्रिप्ट दुसऱ्याच्या संगणकावर पहिल्यापासून चालवा आणि छापील तक्त्यातला प्रत्येक आकडा त्या आउटपुटशी ताडून पाहा. वगळलेल्या नोंदींची संख्या पायरीपायरीने जुळली पाहिजे: किती होत्या, कोणत्या कारणाने किती गेल्या, किती उरल्या.